बिडाचा अमेरिकन गल्ला जुना की नवा? आधी उलटा करून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलीने पेनसिल्व्हेनियात रविवारच्या एका जुन्या बाजारातून १४० डॉलरला बिडाचा गल्ला घेतला. उंच टोपीचा, बोकडदाढीवाला अंकल सॅम, हातात छत्री, शेजारी प्रवासाची बॅग. हातावर नाणं ठेवून बटण दाबलं की हात खाली येतो, बॅगेचं तोंड उघडतं, नाणं आत पडतं आणि दाढी हलते. विकणारा म्हणाला, 'हा १८८६ चा आहे.' तुम्ही चार फोटो पाठवून विचारलंत, की हा खरा का, आणि असे गल्ले ओळखायचे कसे.

पैज लावायची झाली तर मी 'नवा' यावर लावीन. चारपैकी तीन फोटो समोरून काढलेत. ते बघायला छान आहेत, पण माझ्या उपयोगाचे नाहीत. चौथ्यात गल्ला आडवा पडलाय आणि तळाचे दोन स्क्रू दिसतात. दोन्ही प्लसचे. तेवढ्यावर निकाल लागत नाही. का लागत नाही ते पुढे येईलच.

मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नमेकर, म्हणजे साच्यासाठी नमुने घडवणारा, म्हणून हात काळे केले, नंतर शिरोलीच्या फौंड्रीत उमेदीची सगळी वर्षं गेली. गल्ल्यांचा नाद लागला तो एका फसवणुकीमुळे. तीसेक वर्षांपूर्वी मुंबईत चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, एक जाडजूड माणूस खुर्चीत बसलेला दिसला. हातावर नाणं ठेवलं की नाण्याच्या वजनाने हात कोटाच्या खिशाकडे वळायचा, नाणं खिशात जायचं, आणि वर मान डोलवून आभार! दुकानदार म्हणाला, 'साहेबाच्या काळातला आहे.' मी पैसे मोजले. घरी आणून तळाचा स्क्रू सोडवला आणि आत बघितलं तर ताजी, खरबरीत, राखाडी कास्टिंग (ओतीव काम). आमच्याच फौंड्रीतून काल निघाल्यासारखी. रोज बीड हाताळणारा माणूस मी, आणि मला तोंड बघून गंडवलं गेलं. गल्ला विकत घेताना उलटा करायचं सुचलंच नाही, याची लाज अजून वाटते.

त्या जाडजूड माणसाचं नाव 'टॅमनी बँक'. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉल या राजकीय टोळीचा म्होरक्या विल्यम ट्वीड. सरकारी तिजोरीतून त्याने इतका पैसा खाल्ला, की त्याच्यावर व्यंगचित्रांची माळ लागली. १८७३ मध्ये तो दोषी ठरला, आणि त्याच वर्षी या गल्ल्याचं पेटंट निघालं. नाणं दिलं की पुढारी खिशात टाकतो, हा विनोद समजायला आपल्याला अमेरिकेचा इतिहास वाचायची गरज नाही.

ओळख पटवायची तर एवढा इतिहास पुरे. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर, १८६९ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या जॉन हॉलने 'हॉल्स एक्सेल्सियर' या बिडाच्या यांत्रिक गल्ल्याचं पेटंट घेतलं. तो बनवला कनेटिकटमधल्या क्रॉमवेल गावच्या जे. अँड ई. स्टीव्हन्स कंपनीने. पुढची चाळीस-पन्नास वर्षं हा धंदा जोरात चालला. स्टीव्हन्स सगळ्यात मोठी. बफेलोची शेपर्ड हार्डवेअर १८८२ पासून दहाएक वर्षंच या धंद्यात होती, पण रंगकामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. फिलाडेल्फियाची कायझर अँड रेक्स. आणि इंग्लंडात विलेनहॉलची जॉन हार्पर. तुमचा अंकल सॅम मूळचा शेपर्डचा, १८८६ चा. म्हणजे विकणाऱ्याने सांगितलेलं साल त्या नमुन्याचं बरोबर आहे. समोरच्या वस्तूचं आहे का, हा वेगळा प्रश्न. पेटंटची तारीख बिडात ओतलेली असते, आणि नक्कल करणारा ती तारीखही इमानेइतबारे ओततो. तारीख वाचून गल्ल्याचं वय ठरवणं म्हणजे छत्रपतींच्या फोटोमागची तारीख बघून फ्रेमचं वय ठरवणं.

आता मुद्द्याचं. बीड वितळून साच्यात जातं आणि थंड होताना आक्रसतं. साधं राखाडी बीड फुटाला सुमारे एक-अष्टमांश इंच, म्हणजे ढोबळमानाने शंभराला एक. म्हणून आम्हा पॅटर्नमेकर लोकांकडे कॉन्ट्रॅक्शन स्केल नावाची पट्टी असते. तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा तेवढ्याने लांब असतो. त्या पट्टीने मापलं की पॅटर्न आपोआप थोडा मोठा होतो आणि कास्टिंग थंड झाल्यावर बरोबर मापाला बसतं. जुन्या गल्ल्यांच्या कारागिरांनीही हेच केलं: आधी लाकडात किंवा मेणात नमुना, त्यावरून धातूचा पक्का पॅटर्न, आणि त्या पॅटर्नवरून वाळूत हजारो साचे. प्रत्येक टप्प्यावर आक्रसण धरलेली.

नक्कल करणाऱ्याकडे पॅटर्न नसतो. त्याच्याकडे एक जुना गल्ला असतो. तो सुटा करून प्रत्येक भाग वाळूत दाबतो आणि त्यात बीड ओततो. आता आक्रसण धरायला कुणी नाही. आठ इंचांची पट्टी शंभराला एक कमी झाली तर दोन मिलिमीटर गेले. तुमचा अंकल सॅम मुळात साडेअकरा इंचांच्या आसपास उंच. नकलेत तो तीनेक मिलिमीटर बुटका निघतो. आणि नकलेवरून पुन्हा नक्कल ओतली, जे या धंद्यात सर्रास होतं, तर पुन्हा तेवढंच कमी. रंग खोटा लावता येतो, गंज खोटा आणता येतो. आक्रसलेलं बीड परत ताणता येत नाही.

म्हणून अमेरिकेतल्या जुन्या संग्राहकांनी एक फार शहाणपणाचं काम करून ठेवलं. खात्रीच्या मूळ गल्ल्यांचे तळ कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवले आणि ते आकार मापासकट छापले. आपला गल्ला त्या आकृतीवर ठेवायचा. रेघेच्या आत कडेने सारखी जागा उरली की समजायचं, हा आक्रसलेला, म्हणजे नक्कल. मेकॅनिकल बँक कलेक्टर्स ऑफ अमेरिका ही त्यांची संघटना १९५८ पासून आहे. मुलगी तिथेच राहते, तर तिने त्यांच्यापैकी कुणाला तरी गाठावं. मोजताना पूर्ण उंची मोजू नका. उंची तीन-चार भाग जोडून बनते आणि जोडात एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. तळपट्टीसारखा एकच सलग ओतलेला भाग घ्या आणि व्हर्निअरने, म्हणजे मिलिमीटरचा अंशही मोजणाऱ्या मापाने, मोजा. शिवणाची टेप नको.

या कसोटीची मर्यादाही सांगतो, कारण लोक ती विसरतात. माप लहान भरलं तर नक्कल, हे जवळजवळ पक्कं. पण माप बरोबर आलं म्हणून अस्सल, असं नाही. कुणी हुशार माणूस नवा पॅटर्न आक्रसण धरून करू शकतो, आणि काहींनी केलेही आहेत. शिवाय एकाच नमुन्याचे मूळ कंपनीतही दोन-तीन पॅटर्न असायचे, थोड्या फरकाचे. म्हणजे मापाने नकार देता येतो, होकार नाही.

होकारासाठी पोटात शिरावं लागतं.

अमेरिकेतल्या त्या फौंड्र्या बारीक वाळू वापरत. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी भागातली नैसर्गिक मातीमिश्रित वाळू तिथे प्रसिद्ध होती. शेगड्यांचे पातळ पत्रे आणि नक्षीकाम याच वाळूत ओतत. तिच्यातून निघालेला पृष्ठभाग रेशमासारखा नाही, पण आपल्या घरच्या जुन्या, वापरलेल्या बिडाच्या तव्यासारखा हाताला गुळगुळीत लागतो. आतल्या बाजूलाही! खरी गोम तीच. बाहेरून कुणीही घासून गुळगुळीत करील. आत कोण घासतो? नकलेच्या पोटात बोट घातलं की पॉलिश पेपरवर फिरल्यासारखं वाटतं. वाळूचे दाणे, बारीक पुटकुळ्या, कुठे फ्लॅशचा, म्हणजे साच्याच्या जोडातून बाहेर आलेल्या धातूचा, ओठ तसाच राहिलेला. बोट नीट फिरवा, ही पुटकुळी कापते.

दुसरी गोष्ट जाडी. नक्षीचं पातळ काम ओतणाऱ्या जुन्या फौंड्रीत बिडात फॉस्फरस जास्त ठेवत. त्याने रस पातळ होतो, साच्याच्या कानाकोपऱ्यात जातो आणि भिंत पातळ ठेवता येते. किंमत अशी, की असं बीड ठिसूळ असतं. म्हणून शंभर वर्षांपूर्वीचा गल्ला हातात घेतला की अपेक्षेपेक्षा हलका लागतो, आणि म्हणूनच तो कुठेतरी तडकलेला, जोडलेला असतो. नकलेची भिंत जाड असते, कारण जाड ओतलं की रिजेक्शन कमी. 'वजनदार आहे म्हणजे जुना आहे' हे जे दुकानदार हातावर तोलून सांगतात ना, ते बहुतेक वेळा उलटं खरं असतं.

अक्षरं आणि बारकावे बघायला घड्याळजीचं भिंग घ्या. अंकल सॅमच्या बैठकीवर गरुड आहे. मूळ कास्टिंगमध्ये त्याचं पीस न् पीस सुटं दिसतं, कारण धातूच्या पॅटर्नवर कारागिराने छिन्नीने ते कोरलेलं असतं. नकलेत पिसांची लापशी होते. वस्तू आधीच रंगवलेली, झिजलेली; तिच्यावरून घेतलेल्या ठशात रंगाच्या थराची जाडीसुद्धा उतरते. अक्षरांच्या कडा गोल होतात, कोटाची बटणं फुगीर टिकल्यांसारखी दिसतात, डोळे मेलेले वाटतात. दहा गल्ले बघितल्यावर हे भिंगाशिवायही कळायला लागतं.

मग जोड. दोन अर्धी एकमेकांना भेटतात ती रेघ बघा. जुन्या काळात मजुरी स्वस्त आणि कारागीर हट्टी. प्रत्येक जोड कानसीने घासून बसवलेला. पोस्टकार्ड काय, साधा कागद सरकणार नाही. नकलेत नख जातं. गल्ल्यामागे मोबाईलचा टॉर्च धरा आणि अंधाऱ्या खोलीत बघा; पाठीवर, बाह्यांवर उजेडाची रेघ दिसली की शंका घ्यावी. ही कसोटी फुकट आहे आणि बाजारात कुणाच्या लक्षात न येता करता येते. मी तर तेवढ्यासाठीच खिशात छोटी बॅटरी ठेवतो.

आता तुमचे प्लसचे स्क्रू. हेन्री फिलिप्सच्या या स्क्रूची पेटंटं १९३६ ची आणि तो बाजारात रुळला मोटारींच्या कारखान्यांतून. १८८६ च्या गल्ल्यात तो मूळचा असणं अशक्य. पण गल्ल्याला स्क्रू गमावण्याची सवय असते! कुठल्या तरी आजोबांनी १९६० मध्ये नातवासाठी गल्ला उघडला, स्क्रू सोफ्याखाली गेला, हाताला लागला तो बसवला. म्हणून स्क्रू काढून भोकातले आटे बघायचे. जुने आटे गंजून मळकट झालेले असतात, आणि नवा स्क्रू त्यात अवघडून बसतो. आटे लखलखीत आणि स्क्रू लोण्यासारखा जात असेल तर दोघे जुळे भाऊ, एकाच दिवशी जन्मलेले. आतल्या खिळ्यांकडेही लक्ष द्या. जुन्यात तारेचा तुकडा घालून हातोडीने टोक चेचलेलं असतं. नकलेत रोल पिन, पॉप रिव्हेट, षट्कोनी नट, जस्ताचा मुलामा दिलेली चकचकीत स्प्रिंग अशी मंडळी सापडतात. स्प्रिंगही बदललेली असू शकते. पण स्प्रिंग नवी, खिळा नवा, स्क्रू नवा, आटे नवे, मग जुनं राहिलं काय?

यंत्रणाही नकलेत गाळली जाते. स्टीव्हन्सच्या १८८३ च्या 'ईगल अँड ईगलेट्स' गल्ल्यात गरुडीण वाकून पिल्लांना नाणं भरवते, आणि मूळ गल्ल्यात आत छोटा भाता बसवलेला असतो, त्याने पिल्लं चिवचिवतात. गरुडाला काचेचे डोळे. नक्कल वाकते, भरवते, पण मुकी असते. भाता कोण बनवत बसणार? (उलटही होतं: मूळ गल्ल्यातला भाता कातड्याचा, तो सडून गेलेला असतो. पण भाता जिथे बसायचा ती जागा आत ओतलेली सापडते.)

रंगाबद्दल जरा जास्त बोलतो, कारण खरी फसवणूक तिथे होते आणि तुमचा गल्ला शेपर्डच्या नमुन्याचा आहे. शेपर्डवाले फार सुंदर रंगवत, चेहऱ्यावर छटा, कपड्यांवर पट्टे. पण रंगाखाली अस्तराचा हात देत नसत. परिणाम असा, की शेपर्डच्या गल्ल्यांचा रंग पापुद्रे सुटून पडतो. अस्सल गल्ल्यावर टवका गेला, तिथे थेट काळपट बीड दिसतं आणि टवक्याची कड धारदार असते. तुमच्या गल्ल्यावर कुठे टवका असेल तर भिंगातून बघा: रंगाखाली करड्या किंवा विटकरी प्रायमरचा थर दिसतोय का? दिसला तर हा रंग तरी शेपर्डच्या कारखान्यातला नव्हे. आणि एकही टवका नसलेला, झगझगीत शेपर्ड १४० डॉलरला मिळाला म्हणत असाल तर मला हसू येईल. असे नग लिलावात हजारो डॉलरला जातात.

झीज कुठे आहे याचाही विचार करा. मुलं गल्ला कसा खेळत? नाणं ठेवायच्या हातावर, बटणावर, टोपीच्या कडेवर, तळाच्या कोपऱ्यांवर झीज हवी. छत्रीच्या मागे, काखेत, बॅगेच्या आतल्या बाजूला रंग टिकलेला हवा. नकलाकार पॉलिश पेपर घेऊन सगळीकडे सारखा फिरतो. काखेत झीज आणि बोट लागायच्या जागी रंग शाबूत, हे मी अनेकदा बघितलंय.

अतिनील बॅटरी हल्ली चार-पाचशे रुपयांत मिळते. अंधारात तिचा प्रकाश मारला की वेगवेगळ्या काळातले रंग वेगवेगळे चमकतात. कोणता रंग कसा चमकतो याची कोष्टकं पाठ करू नका. एवढंच बघा, की पाठीवरचा लाल आणि पायावरचा लाल एकसारखा दिसतोय का. एक पट्टा भडक उठला तर तिथे नंतर कुंचला फिरलाय. शिवाय हल्लीचा पांढरा रंग टायटॅनियमचा; तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बाजारात आला. त्याआधीचा पांढरा मुख्यतः शिशाचा किंवा जस्ताचा. अंकल सॅमच्या दाढीच्या मूळ रंगात टायटॅनियम निघालं तर १८८६ चा प्रश्नच मिटला. त्यासाठी एक्स-रे फ्लुरोसन्सचं, म्हणजे वस्तूतली मूलद्रव्यं ओळखणारं, हातातलं यंत्र लागतं. भंगारवाल्यांकडे आणि सोनारांकडे ते असतं, पण १४० डॉलरच्या वस्तूसाठी कुणाच्या दारात जायची गरज नाही. शिशाबद्दल एवढं लक्षात ठेवा, की जुना गल्ला लहान मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नये आणि त्याचा रंग घासू नये.

गंज. जुना गंज काळपट-तपकिरी, कातड्यासारखा बसलेला. बोट फिरवलं तर बोट स्वच्छ राहतं. मिठाच्या पाण्याने किंवा आम्लाने चढवलेला गंज नारिंगी, भुगा होणारा, आणि नेमका तळावर आणि दर्शनी भागावर. चोरबाजारात एका पोऱ्याने मला हसत सांगितलं होतं, 'चाचा, एक बारिश में सौ साल का हो जाता है.' त्याला मी आजही गुरू मानतो. लोहचुंबक मात्र घेऊन फिरू नका वय ठरवायला. जुनं बीड आणि नवं बीड दोघांनाही ते सारखंच चिकटतं. त्याचा उपयोग एकच, पुट्टी शोधायला. एखाद्या जागी चुंबक ढिला पडला की खाली एपॉक्सी भरलंय.

आणि ही पुट्टी बहुतेकदा कुठे असते? तळाला. त्याचं कारण सांगतो. १९५० च्या दशकापासून पेनसिल्व्हेनियातल्या राइट्सव्हिल गावच्या जॉन राइट कंपनीने 'बुक ऑफ नॉलेज' या मुलांच्या ज्ञानकोशाच्या प्रकाशकांसाठी जुन्या गल्ल्यांच्या प्रतिकृतींची मालिका काढली. प्रामाणिक काम होतं. प्रत्येकाच्या तळावर, 'बुक ऑफ नॉलेजच्या संग्रहातल्या मूळ वस्तूवरून केलेली प्रतिकृती' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर ओतलेला. कास्टिंगही बरं. आता सत्तरीला आलेल्या या प्रतिकृतींचेही आपले संग्राहक आहेत, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. लबाडी नंतर सुरू झाली: कुणीतरी तो मजकूर ग्राइंडरने उडवला, खड्डा पुट्टीने भरला, वर काळा रंग मारला आणि माल 'अँटीक' म्हणून विकला. तळावर कुठे गोल किंवा आडवा भाग आजूबाजूपेक्षा जास्त सपाट, ग्राइंडरच्या चंद्रकोरीसारख्या रेघांचा दिसला, तर थांबा.

पुढे तैवानमधून, मग चीनमधून आणि आपल्या देशातूनही स्वस्त माल गेला. अमेरिकेत १८९० च्या मॅकिन्ली कायद्यापासून परदेशी मालावर देशाचं नाव लागतं. पण नाव ओतावंच लागतं असं नाही, कागदाची चिठ्ठी चालते. चिठ्ठी सोलली जाते, आणि तळावर चौकोनी स्वच्छ डाग उरतो, भिंतीवरून कॅलेंडर काढल्यावर उरतो तसा. तुमच्या चौथ्या फोटोत तळाच्या उजव्या बाजूला मला तसाच काहीसा चौकोन दिसल्यासारखा वाटला. फोटो अंधुक आहे, म्हणून शपथेवर सांगत नाही.

'जुना की नवा' या प्रश्नातच एक खोट आहे, तीही सांगून टाकतो. बाजारात तिसरी जात सगळ्यात जास्त असते: धड जुनं, हात नवा. ठिसूळ बिडामुळे हात, छत्र्या, कुत्र्यांच्या शेपट्या तुटतात, आणि त्या जागी नवीन ओतलेले भाग बसतात. काही जण एका मोडक्या जुन्या तळपट्टीवर नकलेचं सगळं वरचं घर बांधतात, कारण गिऱ्हाईक आता तळ बघायला शिकलंय! म्हणून प्रत्येक भाग वेगळा मोजायचा, वेगळा तपासायचा. दुरुस्ती केलेला अस्सल गल्ला वाईट नाही, दुरुस्ती सांगून विकला तर. आणि प्रत्येक उशिराचा गल्ला नक्कल नसतो. शेपर्डचा १८८८ चा 'ट्रिक डॉग', विदूषकाच्या कड्यातून उडी मारून पिंपात नाणं टाकणारा कुत्रा, पुढे पेनसिल्व्हेनियाच्या हबली कंपनीने विसाव्या शतकात वेगळ्या बैठकीवर काढला. हबलीचा ट्रिक डॉग शेपर्डपेक्षा उशिराचा आणि स्वस्त, पण तोही अस्सलच. त्याला नक्कल म्हणून फेकून देणारा माणूस मी बघितलाय.

एक आडवळणाची सूचना, मुलगी अमेरिकेत राहते म्हणून. या गल्ल्यांतले बरेच नमुने काळ्या लोकांची, चिनी आणि आयरिश माणसांची हिणवणारी सोंगं आहेत; लठ्ठ ओठ, वळणारे डोळे, तोंडात नाणं कोंबणारा हात. १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा आला, आणि त्याच वर्षी आडव्या पडलेल्या, पत्ते दाखवणाऱ्या चिनी माणसाच्या गल्ल्याचं पेटंट निघालं. नेमक्या याच सोंगांच्या नकला ढिगाने निघतात. मिशिगनच्या फेरिस स्टेट विद्यापीठात वंशभेदी वस्तूंचं जिम क्रो संग्रहालय आहे, तिथे अशा वस्तू कशासाठी जपायच्या ते नीट मांडलंय. गंमत म्हणून दिवाणखान्यात ठेवायला हे घेऊ नये. पाहुण्यांपैकी कुणाच्या आजोबांची ती टवाळी असू शकते.

परत तुमच्या अंकल सॅमकडे. मुलीला सांगा, तळाचे स्क्रू काढायचे, पण जोर लावायचा नाही. अडला तर सोडून द्यायचा, खाच बिघडली की उद्या तीच शंका होऊन बसते. आतला भाग दिवसाच्या तिरप्या उजेडात टिपायचा. बैठकीची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, व्हर्निअरने. गरुडाचा जवळून फोटो. रंगाचा टवका असेल तर भिंगातून एक. आणि तो चौकोन, तो आहे की माझ्या डोळ्यांचा खेळ, ते. तोपर्यंत साबण नको, तेल नको, ब्रासो तर नकोच, आणि 'जरा रंगाचा हात मारते' म्हणाली तर तिचे हात बांधा. समजा माझी पैज चुकली आणि गल्ला शेपर्डचा निघाला, तर त्यावरचा प्रत्येक पापुद्रा पैशाचा आहे.

पावतीवर विकणाऱ्याने काय लिहिलंय तेही बघा. तोंडी '१८८६ चा' म्हणाला आणि पावतीवर नुसतं 'बिडाचा गल्ला' असेल तर भांडायला जागा थोडी आहे. 'मूळ, १८८६' असं लिहून दिलं असेल तर पुढच्याच रविवारी मोजमाप घेऊन जावं आणि पैसे परत मागावेत. तळावरचा तो चौकोन बोटाने दाखवला की बहुतेक जण वाद घालत नाहीत. नाहीच दिले पैसे, तर नक्कल म्हणून तो तीस-चाळीस डॉलरचा, चालणारा, दाढी हलवणारा गल्ला आहे. माझा चोरबाजारातला टॅमनी अजून कपाटावर आहे. शेजारची पोरं आली की त्याला रुपया देतात आणि तो मान डोलावतो.